केंद्रकाची उंची खरी किती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पेशीकेंद्रकाच्या त्रिमितीय चित्रणाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. प्रश्न रंगाचा असो, अँटीबॉडीचा असो की आकारमान मोजण्याचा, घोळ बहुतेक वेळा झेड अक्षावर, म्हणजे उंचीच्या दिशेनं झालेला दिसतो. लांबी-रुंदी मायक्रोस्कोप बऱ्यापैकी खरी दाखवतो. उंची मात्र नमुना तयार करताना दबते, लेन्सखाली ताणली जाते आणि संगणकावर पुन्हा चुकीची मोजली जाते. त्यामुळे उत्तरांमध्ये उंचीचाच विषय वारंवार येईल.

प्रश्न : मी माणसाच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या) पेशी स्लाइडवर वाढवते, थंड मेथॅनॉलनं फिक्स करते, म्हणजे आहेत तशा स्थिर करते, आणि डीएनएला चिकटणाऱ्या डापी या चमकत्या रंगानं रंगवते. कॉन्फोकलवर (एकेका पातळीचे काप टिपणाऱ्या मायक्रोस्कोपवर) केंद्रक २० मायक्रॉन लांब दिसतं, पण उंची जेमतेम दोन मायक्रॉन भरते. काय चुकतंय? – संशोधक विद्यार्थिनी

काचेवर पसरून वाढणाऱ्या फायब्रोब्लास्टचं केंद्रक मुळातच चपटं असतं, उंची साधारण ३ ते ५ मायक्रॉन. त्यामुळे चेंडूसारखं गोल केंद्रक दिसण्याची अपेक्षा धरू नका. तरी दोन मायक्रॉन कमीच आहेत, आणि पहिला संशय मेथॅनॉलवर घ्यायला हवा. मेथॅनॉल पेशीतलं पाणी ओढून घेतं आणि प्रथिनं साकळवतं. पेशी आकसते आणि काचेवर बसते. गुणसूत्रांच्या स्लाइड करताना वापरतात ते मेथॅनॉल-ॲसिटिक ॲसिडचं मिश्रण तर केंद्रक सपाट करण्यासाठीच असतं. ते त्रिमितीय कामात वापरूच नये.

४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरा. १६ टक्क्यांची बंद कुपी मिळते. तिच्यातलं २.५ मि.लि., दहापट तीव्रतेचं पीबीएस (फॉस्फेटचं खारट बफर द्रावण) १ मि.लि. आणि पाणी ६.५ मि.लि. घेतलं की १० मि.लि. द्रावण तयार होतं. वापराच्या दिवशीच करा आणि पेशींवर घालण्याआधी कोमट, ३७ अंशांवर आणा. दहा मिनिटं पुरतात. पीबीएसचं प्रमाण चुकून द्रावण जास्त खारट झालं, तर फिक्स होण्याआधीच्या काही सेकंदांतच क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचं जाळं) आवळून बसतं. अशा केंद्रकात दाट गोळे आणि मधल्या रिकाम्या वाटा फार ठळक दिसतात. चित्र देखणं येतं, पण जिवंत पेशीत ती रचना तशी नसते. फिक्स झाल्यावर उरलेलं फॉर्मल्डिहाइड ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइडमध्ये दहा मिनिटं ठेवून निकामी करा. मग पेशीच्या आवरणाला छिद्रं पाडण्यासाठी ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१००, दहा ते पंधरा मिनिटं.

या सगळ्यात पेशी एकदाही कोरड्या पडता कामा नयेत. द्रावण बदलताना कव्हरस्लिप हातात धरून दुसऱ्या बशीकडे नेईपर्यंत कडा वाळायला लागतात. त्यापेक्षा कव्हरस्लिप बशीतच राहू द्या, अर्धं द्रावण काढा, नवं घाला, असं तीनदा करा. वाळलेला भाग ओळखणं सोपं आहे. तिथल्या केंद्रकांची उंची शेजारच्यांपेक्षा एकदम कमी भरते आणि डापीचा रंग सपाट, पोत नसलेला दिसतो.

आता स्लाइडबद्दल. पेशी स्लाइडवर असल्या की लेन्स आणि पेशी यांच्यामध्ये कव्हरस्लिपही येते आणि खालचा माध्यमाचा थरही. पेशी थेट कव्हरस्लिपवर वाढवा. चांगल्या लेन्स ०.१७ मि.मी. काचेसाठी बनवलेल्या असतात, म्हणजे दीड नंबरची कव्हरस्लिप. एक नंबरची काच ०.१३ ते ०.१६ मि.मी. असते आणि १.४ एनएच्या (एनए म्हणजे लेन्सची प्रकाश गोळा करण्याची क्षमता) लेन्सखाली तेवढ्या फरकानंही प्रतिमा फिसकटते.

शेवटचा दाब माउंटिंगच्या, म्हणजे माध्यमाच्या थेंबावर कव्हरस्लिप बसवण्याच्या, वेळी पडतो. थेंब फार लहान असला की कव्हरस्लिप स्वतःच्या वजनानं आणि पृष्ठताणानं खाली ओढली जाते. शिवाय घट्ट होणारं माध्यम वाळताना आकसतं आणि केंद्रकाला उंचीच्याच दिशेनं दाबतं. उंची मोजायची असेल तर न घट्ट होणारं, ग्लिसरॉलवर आधारलेलं माध्यम घ्या. स्लाइडच्या दोन बाजूंना कव्हरस्लिपचे बारीक तुकडे किंवा पातळ दुहेरी चिकटपट्टी लावून आधार द्या आणि कडा नेलपॉलिशनं बंद करा. नेलपॉलिश पूर्ण वाळल्याशिवाय तेलाची लेन्स जवळ आणू नका.

प्रश्न : आमच्याकडे उलटंच होतं. तरंगत्या लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) पेशींची केंद्रकं वरून गोल दिसतात, पण बाजूनं पाहिली तर अंड्यासारखी उभी. हा लेन्सचा दोष का? – प्रयोगशाळा तंत्रज्ञ

लेन्स बहुधा चांगलीच आहे, पण ती तेलाची असावी, म्हणजे लेन्स आणि काच यांच्यात तेल घालून वापरायची. ती ज्या द्रवातून बघते आहे तो तिच्यासाठी नाही. तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक १.५१८, पाण्याचा १.३३. तुमचा नमुना पीबीएससारख्या पाणीदार द्रवात असेल, तर काच ओलांडून पाण्यात शिरताना किरण जास्त वाकतात आणि अपेक्षेपेक्षा अलीकडेच एकत्र येतात. स्टेज (नमुना ठेवायचा मंच) १ मायक्रॉन सरकलं तरी फोकस प्रत्यक्षात सुमारे ०.८८ मायक्रॉनच सरकतो. सॉफ्टवेअर मात्र स्टेजचा आकडा लिहून घेतं. त्यामुळे ७ मायक्रॉनचं केंद्रक ८ मायक्रॉन उंच भरतं. १.४ एनएच्या लेन्सला ही ताणणी या साध्या गुणोत्तराहूनही जास्त निघते, कारण कडेचे किरण सर्वांत जास्त वाकतात. वर लेन्सची झेड दिशेतली स्वाभाविक धूसरता आहेच. आडव्या दिशेत ती अंदाजे २०० नॅनोमीटर असली, तर उभ्या दिशेत ५०० ते ७००.

पाणीदार द्रवातच काम करणं भाग असेल, तर पाण्याची लेन्स घ्या, १.२ एनएची. तिच्यावरची दुरुस्तीची कडी काचेच्या जाडीनुसार फिरवावी लागते, हे अनेकजण विसरतात. फिक्स केलेल्या पेशींसाठी अधिक सोपा मार्ग म्हणजे माध्यमच तेलाच्या जवळ नेणं. ग्लिसरॉलची माध्यमं साधारण १.४५ ते १.४७ पर्यंत पोचतात. पाण्यापेक्षा ती पुष्कळ बरी.

तपासणीची एक पद्धत सुचवतो, ती कोणत्याही लेन्सला चालते. पेशी तरंगत असतानाच फिक्स करा, कमी तापमानाला वितळणाऱ्या ॲगरोजच्या १ टक्का जेलमध्ये मिसळा आणि ते थिजू द्या. आता पेशी कुठल्याही दिशेला तोंड करून अडकलेल्या आहेत. पन्नासेक केंद्रकांची उंची आणि रुंदी मोजली तर सरासरी गुणोत्तर १ च्या जवळ यायला हवं. ते १.२ आलं, तर जादा ०.२ ही पेशींची नसून तुमच्या मांडणीची आहे. पॉलिस्टायरीनचे चमकणारे मणीही यासाठी वापरतात, पण त्यांचा स्वतःचा अपवर्तनांक १.५९ असतो. मोठा मणी स्वतःच भिंगासारखं वागतो आणि त्याचा दूरचा अर्धा भाग विकृत दिसतो. मणी गोल आहे म्हणून चित्रही गोल येईल असं धरून चालू नका.

प्रश्न : झेड स्टेप किती ठेवायची? कुणी १ मायक्रॉन सांगतं, कुणी ०.१. – एम.एस्सी.चा विद्यार्थी

झेड स्टेप म्हणजे लागोपाठच्या दोन कापांमधलं उंचीतलं अंतर. ते लेन्सवरून ठरवा. लेन्स उभ्या दिशेत जेवढं वेगळं दाखवू शकते, त्याच्या निम्म्याहून थोडी कमी स्टेप. १.४ एनएच्या तेलाच्या लेन्सला ०.२ ते ०.२५ मायक्रॉन आणि आडवा पिक्सेल ७० ते ८० नॅनोमीटर चालतो. कॉन्फोकलच्या स्टॅकवर (एकावर एक घेतलेल्या कापांच्या संचावर) पुढे डीकन्व्होल्यूशन, म्हणजे धूसरता गणितानं कमी करणं, करायचं असेल तर आणखी बारीक जा, ५० नॅनोमीटर पिक्सेल आणि ०.१५ स्टेप. २० पट, ०.७५ एनएच्या कोरड्या लेन्सची उभी धूसरता दीड मायक्रॉनच्या आसपास असते. तिथे ०.१ ची स्टेप म्हणजे तीच माहिती पुन्हापुन्हा घेणं. फाइल फुगते, डाय (चमकणारा रंग) जळतो, हाती नवं काही लागत नाही.

१ मायक्रॉनच्या स्टेपनं केंद्रकांची नुसती संख्या मोजता येते. पण ६ मायक्रॉन उंच केंद्रकाचे सहाच काप मिळतील, आणि केंद्रकातल्या काहाल बॉडी या कणासारखी ०.२ ते १ मायक्रॉनची रचना दोन कापांच्या मध्ये निसटू शकते.

केंद्रकाच्या वर आणि खाली दीड-दीड मायक्रॉन जागा सोडा. ६ मायक्रॉनचं केंद्रक, अधिक ३, असे ९ मायक्रॉन, ०.२५ च्या स्टेपनं ३७ काप. ही रिकामी जागा वाया जात नाही. पार्श्वभूमी तिथूनच कळते आणि डीकन्व्होल्यूशनला ती लागते. वरचा काप केंद्रकाच्या आतच संपला, तर तो स्टॅक आकारमानासाठी निरुपयोगी समजा.

सदतीस काप घेईपर्यंत डाय जळत जातो, हेही लक्षात असू द्या. खालून वर गेलात की वरचे काप फिके येतात आणि थ्रेशोल्ड (तेजाची किमान मर्यादा) लावल्यावर केंद्रकाचा माथा कापला जातो. स्टॅक संपल्यावर मधला एक काप पुन्हा घ्या आणि आधीच्याशी ताडून बघा. १० टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर लेझर कमी करा.

प्रश्न : कॉन्फोकल नसेल तर त्रिमितीय काम करूच नये का?

जरूर करावं. काचेवरच्या एकेरी थरातल्या पेशींसाठी साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप, झेड मोटर आणि डीकन्व्होल्यूशन ही जोडी उत्तम चालते, कारण तिथे फोकसबाहेरचा प्रकाश अडवणारं पिनहोल नसल्यानं प्रकाश वाया जात नाही. कमी प्रकाशात काम भागतं. ऊतींचे जाड काप असले, दहा-पंधरा मायक्रॉनच्या पुढे गेलात, की कॉन्फोकल हवाच.

डीकन्व्होल्यूशनसाठी सॉफ्टवेअरनं गणितानं काढलेल्या बिंदुप्रतिमेवर, म्हणजे एक बिंदू लेन्सखाली कसा पसरतो त्या चित्रावर, विसंबू नका. १०० नॅनोमीटरचे मणी त्याच माध्यमात, त्याच कव्हरस्लिपवर ठेवून प्रत्यक्ष मोजा. झेडमध्ये ती वर-खाली सारखी दिसली पाहिजे. एकाच बाजूला पिसारा फुललेला दिसला, तर अपवर्तनांक जुळलेला नाही. ते आधी दुरुस्त करा, गणित नंतर. आणि गणिताच्या फेऱ्या वाढवत नेऊ नका. डीकन्व्होल्यूशनची रिचर्डसन-लुसी पद्धत फार वेळ चालवली की ती गोंगाटातूनच ठिपके घडवायला लागते, आणि क्रोमॅटिनचा पोत मुळातच दाणेदार असल्यामुळे हे खोटे ठिपके ओळखू येत नाहीत.

प्रश्न : दोन जनुकांच्या फिश (डीएनएच्या ठरावीक भागाला चमकती खूण लावण्याची पद्धत) खुणा, एक हिरवी, एक लाल. मॅक्सिमम प्रोजेक्शनमध्ये दोन्ही जवळजवळ एकावर एक दिसतात. त्या जोडलेल्या आहेत असं लिहू का? – पीएच.डी.चा विद्यार्थी

अजून नको. मॅक्सिमम प्रोजेक्शन प्रत्येक ठिकाणचा सर्वांत तेजस्वी पिक्सेल उचलतं आणि उंची टाकून देतं. समजा दोन खुणांत आडवं अंतर एका दिशेनं ०.३ आणि दुसऱ्या दिशेनं ०.४ मायक्रॉन आहे. सपाट चित्रात ते ०.५ दिसेल. उंचीत त्या १.२ मायक्रॉन दूर असतील, तर खरं अंतर १.३ मायक्रॉन निघतं. सपाट चित्रानं अंतर अडीचपटीहून जास्त आटवलं. अंतर नेहमी दोन्ही खुणांच्या त्रिमितीय मध्यबिंदूंमध्ये मोजा. प्रोजेक्शन छापायचंच असेल, तर शेजारी बाजूनं घेतलेला उभा छेद द्या.

मोजण्याआधी रंगांचा आपसातला सरकाव काढून टाकावा लागतो. वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश लेन्स नेमका एकाच पातळीवर फोकस करत नाही. निळा आणि लांबचा लाल यांच्यात उंचीचा दोन-अडीचशे नॅनोमीटरचा फरक चांगल्या लेन्सलाही पडू शकतो. ०.२ मायक्रॉनचे, एकाच वेळी चार रंगांत चमकणारे मणी मिळतात. ते तुमच्याच माध्यमात, तुमच्याच कव्हरस्लिपवर बसवून स्टॅक घ्या, प्रत्येक रंगातला मध्यबिंदू काढा, आणि जो फरक येईल तो पेशींच्या आकड्यांतून वजा करा. हा फरक चित्राच्या मध्यभागी एक आणि कडेला दुसरा असतो, त्यामुळे पेशी शक्यतो मध्यभागीच घ्या. फिल्टर काढला, लेन्स बदलली, की मणी पुन्हा.

रंग एकाच वेळी न घेता एकामागून एक घ्या, लांब तरंगलांबीकडून सुरुवात करून. डापी सर्वांत शेवटी. अतिनील प्रकाशात डापीचा काही भाग असा बदलतो की तो निळ्या प्रकाशानं उद्दीपित होऊन हिरवा चमकतो. डापी आधी घेतलं, तर हिरव्या चित्रात अख्खं केंद्रक फिकं उजळलेलं दिसतं आणि ते प्रोबची (जनुकाला चिकटणाऱ्या चमकत्या डीएनए तुकड्याची) पार्श्वभूमी समजलं जातं.

त्रिमितीय फिशची पद्धतही वेगळी असते, ती तपासा. पॅराफॉर्मल्डिहाइड दहा मिनिटं, ०.५ टक्के ट्रायटन, मग २० टक्के ग्लिसरॉलमध्ये किमान अर्धा तास. नंतर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून पुन्हा वितळवणं, असं चार-पाच वेळा. प्रोबला आत जायला वाट त्यामुळे होते. ग्लिसरॉल नसेल तर बर्फाचे स्फटिक केंद्रक फोडतात. पुढे ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड पाच ते दहा मिनिटं, आणि ५० टक्के फॉर्मअमाइड असलेल्या दुप्पट तीव्रतेच्या एसएससी या खारट बफरमध्ये किमान रात्रभर. प्रोब घालून ७५ अंशांवर तीन मिनिटं, मग ३७ अंशांवर दोन दिवस. ७५ चे ८५ झाले किंवा तीनची दहा मिनिटं झाली, तर खूण छान उजळते आणि केंद्रकाचा पोत मात्र विरघळून जातो. डापीचं चित्र फिशच्या आधी आणि नंतर घेऊन ताडलं की हे लगेच कळतं. उंदराच्या पेशी असतील तर आणखी सोपं. त्यांच्या केंद्रकातले डापीचे तेजस्वी गोळे, क्रोमोसेंटर, फिशनंतरही काठ धरून दिसले पाहिजेत.

प्रश्न : केंद्रकाकडे तीन मितींतून बघून असं काय कळलं, जे सपाट स्लाइडवर कळलं नसतं? – जीवशास्त्राचे शिक्षक

विद्यार्थ्यांना सांगण्यासारखं बरंच आहे. विभाजन चालू नसताना गुणसूत्रं शिजवलेल्या शेवयांसारखी एकमेकांत गुंतलेली असतात, असं दीर्घकाळ मानलं जाई. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये वेगळा तर्क मांडला होता. थिओडोर बोवेरी यांनी १९०९ मध्ये प्रत्येक गुणसूत्राचा आपला ‘प्रदेश’ असतो असं म्हटलं. १९७० च्या दशकापासून थॉमस आणि क्रिस्टोफ क्रेमर या भावांनी केंद्रकाच्या एका लहानशा जागी अतिनील लेझरचा झोत मारून पाहिला. गुणसूत्रं सगळीकडे पसरलेली असती, तर थोडी थोडी इजा सगळ्यांना झाली असती. प्रत्यक्षात ती मोजक्या गुणसूत्रांनाच झाली. पुढे एकेक गुणसूत्र रंगवण्याची पद्धत आल्यावर हे प्रदेश डोळ्यांनी दिसले.

त्यानंतरचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. माणसाची १८ आणि १९ क्रमांकाची गुणसूत्रं आकारानं फारशी वेगळी नाहीत, पण १९ वर जनुकांची दाटी आहे आणि १८ वर ती विरळ आहेत. १९९९ मध्ये लिम्फोसाइटमध्ये असं दिसलं की १८ केंद्रकाच्या कडेला राहतं आणि १९ आतल्या बाजूला. २००५ मध्ये फायब्रोब्लास्टमधल्या सगळ्या ४६ गुणसूत्रांचा त्रिमितीय नकाशा तयार झाला, तेव्हा त्या चपट्या केंद्रकांत लहान गुणसूत्रं मध्याकडे आणि मोठी कडेकडे, असाही क्रम आढळला. कोणत्या आकाराच्या केंद्रकात बघतो यावर उत्तर अवलंबून असतं, हे इथे स्पष्ट होतं.

आणि २००९ चा शोध तर वर्गात सांगाच. बहुतेक पेशींत दाट, निष्क्रिय हेटरोक्रोमॅटिन केंद्रकाच्या कडेला असतं. निशाचर सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतल्या दंडपेशींत हे उलटं असतं, दाट भाग मध्यभागी आणि सक्रिय भाग बाहेर. अशी केंद्रकं प्रकाश विखुरण्याऐवजी बारीक भिंगासारखी पुढे पाठवतात. कमी उजेडात बघणाऱ्या प्राण्याला त्याचा फायदा होतो.

प्रश्न : अँटीबॉडीचा रंग केंद्रकाच्या फक्त कडेला येतो, आत काही नाही. ज्या प्रथिनासाठी ती अँटीबॉडी लावली ते लॅमिनाजवळच, म्हणजे केंद्रकाच्या आवरणाच्या आतल्या अस्तराजवळच, असतं असं म्हणता येईल का?

आधी अँटीबॉडी आत पोचते का ते बघा. साधी अँटीबॉडी १५० किलोडाल्टनची आणि सुमारे १० ते १५ नॅनोमीटर लांब असते. फिक्स केलेलं क्रोमॅटिन आणि विशेषतः केंद्रिका (केंद्रकातला दाट गोळा) इतकी दाट असते की अँटीबॉडी काठावरच अडकते. काठ चमकतो, आत अंधार. नियंत्रण म्हणून केंद्रकात सर्वत्र असणाऱ्या प्रथिनाची, उदाहरणार्थ हिस्टोन एच३ ची, अँटीबॉडी त्याच पद्धतीनं लावा. तीही कडेलाच आली, तर पद्धतीचा दोष आहे. ट्रायटनचा वेळ वाढवा, अँटीबॉडी ४ अंशांवर रात्रभर ठेवा, किंवा १५ किलोडाल्टनची नॅनोबॉडी वापरा. प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडता येत असेल तर अँटीबॉडीविना आणि अँटीबॉडीसह अशी दोन्ही चित्रं एकाच पेशीत ताडून पाहा. याहून स्वच्छ पुरावा नाही.

प्रश्न : केंद्रकाचं आकारमान फिजी सॉफ्टवेअरवर काढतो. त्याच स्लाइडचे दोघांचे आकडे १५ टक्क्यांनी वेगळे येतात. कुणाचं बरोबर? – संशोधन सहायक

दोघांच्या थ्रेशोल्डमध्ये किती फरक आहे ते बघा. १० मायक्रॉन व्यासाच्या गोलाचं आकारमान ५२४ घनमायक्रॉन. कड सगळीकडून पाव मायक्रॉन बाहेर धरली, म्हणजे आडवे तीनेक पिक्सेल किंवा झेडमधला एकच काप, की आकारमान ६०६ होतं. १६ टक्के वाढ. काठाच्या एका कापाइतक्या मतभेदातून तुमचे १५ टक्के येऊ शकतात. आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढत असल्यानं हे टळत नाही. म्हणून थ्रेशोल्ड डोळ्यांनी लावू नये.

सर्वांसाठी एकच क्रम ठरवा आणि तो मॅक्रोमध्ये लिहून ठेवा. प्रथम ‘इमेज’ मेन्यूतल्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये व्हॉक्सेलची (त्रिमितीय पिक्सेलची) उंची बरोबर आहे का बघा. फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ही उंची गळून १ होते, हा नेहमीचा घोळ. ०.०८ गुणिले ०.०८ गुणिले ०.२५ मायक्रॉनचा व्हॉक्सेल ०.००१६ घनमायक्रॉनचा असतो. असे चार लाख व्हॉक्सेल म्हणजे ६४० घनमायक्रॉन. एकदा हातानं हिशेब करून सॉफ्टवेअरच्या आकड्याशी जुळवा.

मग हलकं त्रिमितीय मीडियन फिल्टर, आणि मर्यादा आपोआप ठरवणारा ओत्सु थ्रेशोल्ड. थ्रेशोल्डच्या खिडकीत ‘स्टॅक हिस्टोग्राम’वर खूण हवी. ती नसेल तर मर्यादा समोरच्या एकाच कापावरून ठरते, आणि तुम्ही मधल्या कापावर उभे आहात की वरच्या, यावर आकडा बदलतो. दोघांच्या फरकाचं कारण इथेही असू शकतं. केंद्रिका डापीत अंधारी दिसते, तिची पोकळी भरून घ्या. चिकटलेली केंद्रकं वॉटरशेडनं सोडवा, चित्राच्या कडेला कापलेली वगळा, आणि ‘थ्रीडी ऑब्जेक्ट्स काउंटर’ चालवा.

चित्र घेतानाच डिटेक्टर संपृक्त झालेला असेल, ८ बिटच्या चित्रात मोठा भाग २५५ वर अडकलेला असेल, तर पुढचं काहीच सावरत नाही. स्टॅक मूळ स्वरूपातच जपा, जेपीईजीत कधीही नाही.

हे सगळं केल्यावरही येणारा आकडा धूसरतेमुळे खऱ्यापेक्षा थोडा मोठाच असतो. तो निरपेक्ष मानण्यापेक्षा, एकाच दिवशी एकाच सेटिंगवर घेतलेल्या दोन गटांची तुलना अधिक भरवशाची. तुलना करताना पेशीचक्राचं भान ठेवा. विभाजनाआधी डीएनए दुप्पट झालेलं केंद्रक मोठं असणारच. प्रत्येक केंद्रकातल्या डापीच्या एकूण तेजाचा आलेख काढला तर दोन शिखरं दिसतात. त्या-त्या शिखरातल्या केंद्रकांची तुलना आपसातच करा.

प्रश्न : सुपर-रिझोल्यूशन (नेहमीच्या मायक्रोस्कोपच्या मर्यादेपलीकडचं बारीक चित्रण) घ्यायला हवं का? कुठलं?

प्रश्नावर अवलंबून. गुणसूत्राचा प्रदेश कुठे आहे हे कॉन्फोकल सांगतो. केंद्रकाच्या आवरणातली रंध्रं एकेक मोजायची असतील तर नाही. सुमारे १२० नॅनोमीटरचं रंध्र आणि २०० नॅनोमीटरची मर्यादा, हिशेब जमत नाही. त्रिमितीय सिममध्ये (नमुन्यावर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकून चित्र घेण्याच्या पद्धतीत) आडवं १०० ते १२० आणि उभं ३०० नॅनोमीटरपर्यंत जाता येतं. २००८ मध्ये रंध्रं, लॅमिना आणि क्रोमॅटिन तीन रंगांत वेगवेगळे दाखवले गेले ते याच पद्धतीनं. डापीसारखे साधे डाय चालतात, ही मोठी सोय. पण प्रत्येक कापासाठी तीन कोन आणि पाच स्थिती अशी १५ चित्रं लागतात आणि स्टेप ०.१२५ मायक्रॉनची. डाय टिकाऊ हवा, अपवर्तनांक तंतोतंत जुळायला हवा. तो चुकला की चित्रावर नियमित पट्ट्या किंवा मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. अशी जाळी दिसली तर ती क्रोमॅटिनची रचना म्हणून वर्णन करू नका.

प्रश्न : जिवंत पेशींत होएक्स्ट ३३३४२ घालून दर पाच मिनिटांनी स्टॅक घेतो. तीन-चार तासांत पेशी विभाजन थांबवतात आणि मरतात.

होएक्स्ट डीएनएला चिकटतो आणि त्याला अतिनील किंवा ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. त्यातून डीएनएलाच इजा होते. हिस्टोन एच२बीला हिरवं किंवा लाल चमकणारं प्रथिन जोडलेली पेशीवंशावळ वापरा, किंवा लांबच्या लाल रंगात चमकणारा डीएनए डाय, शक्य तितक्या कमी प्रमाणात. बिंदू-बिंदूनं टिपणाऱ्या नेहमीच्या कॉन्फोकलऐवजी स्पिनिंग डिस्क (अनेक बिंदू एकाच वेळी टिपणारा कॉन्फोकल) घ्या. इथे ०.२५ च्या स्टेपचा आग्रह सोडा, ०.५ ते ०.७ मायक्रॉन पुरे. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, माध्यमात फिनॉल रेड नको. बशी ठेवल्यावर अर्धा ते एक तास थांबा, नाहीतर गरम होणारं स्टेज फोकसला वाहून नेतं आणि केंद्रक वर सरकतंय असं वाटतं. केंद्रक स्वतःही हळूहळू फिरतं. आतल्या खुणांची हालचाल मोजताना हे फिरणं आधी वजा करावं लागतं. आणि त्याच बशीतला एक भाग प्रकाशाविना ठेवा. तिथल्या पेशी जितक्या वेळात विभागल्या, तितक्याच वेळात चित्रित पेशीही विभागल्या तरच त्या स्टॅकमधली मोजमापं वापरा.